एका बोल्टसाठी अकरा आठवडे

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,


हे पत्र मी मराठीत आणि सर्वांसमक्ष लिहितो आहे. स्वतः जोडायच्या वस्तूंचे खोके ज्यांच्या घरी येतात, त्यांनीही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

कोल्हापूरच्या आमच्या घराच्या सोप्यात पाच फूट लांबीचा एक पुठ्ठ्याचा खोका भिंतीला टेकवून ठेवला आहे. त्याच्या एका कोपऱ्याला मुठीएवढे भोक आहे. जूनच्या अखेरीस तो घरी आला तेव्हा पुठ्ठा भिजलेला होता, कड उसवली होती आणि त्या भोकातून पुढच्या चाकाचा आस बाहेर आला होता. आत माझी सायकल होती. कारखान्यातून ती बरीचशी जोडूनच येते, उरलेली जोडणी एका दुपारचे काम आहे, असे विक्रेत्याने लिहिले होते. ती रस्त्यावर आली सप्टेंबरच्या मध्यात.

ही रिकम्बंट सायकल आहे. पाठ टेकून, पाय पुढे पसरून ती चालवायची. पायडल पुढच्या चाकाच्याही पुढे, एका सरकत्या नळीच्या टोकाला असतात. मी पंचवीस वर्षे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवले आणि त्याहून जास्त वर्षे सायकल चालवली. रविवारी पहाटे निघायचे, पन्हाळा चढायचा आणि नाश्त्याला घरी यायचे, असा नेम होता. तीन वर्षांपूर्वी मानेच्या मणक्यांचे दुखणे सुरू झाले, दोन्ही हातांना मुंग्या येऊ लागल्या. हँडलवर ओणवे होऊन मान वर उचलून धरायची नाही, असे डॉक्टरांनी बजावले. जुनी सायकल मी भाच्याला देऊन टाकली. पुढे फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने मला या रेलून चालवायच्या सायकलीचे चित्र दाखवले. मान सरळ, मनगटांवर भार नाही, कमरेपासून खांद्यापर्यंत आधार. माझ्यासाठी पन्हाळ्याच्या रस्त्याला पुन्हा लागण्याची ही एकच वाट उरली होती.

अशी सायकल गावातल्या दुकानात मिळत नाही, याला जुने कारण आहे. फ्रान्समधल्या शार्ल मोशे यांनी बनवलेल्या अशाच सायकलीवर फ्रान्सिस फॉर याने ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या सायकल-शर्यतीच्या ट्रॅकवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. ऑस्कर एग याचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम १९१४ पासून कोणाला मोडता आला नव्हता, आणि फॉर काही पहिल्या फळीतला स्पर्धक नव्हता. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने स्पर्धेच्या सायकलीची व्याख्या अशी बांधली की ही सायकल तिच्याबाहेर पडली. स्पर्धा नाही म्हणून मोठे कारखाने नाहीत, कारखाने नाहीत म्हणून दुकाने नाहीत. आजही सायकलींच्या सुरक्षिततेचे आयएसओ ४२१० हे आंतरराष्ट्रीय मानक आपली व्याप्ती सांगताना रिकम्बंटला नाव घेऊन वगळते. ही सायकल घेणाऱ्याच्या गावात ती विकणारा कोणी नसतो, ती कधी उघडून पाहिलेला मेकॅनिक नसतो, तिचे सुटे भाग ठेवणारा नसतो. त्याच्या हाती असतो तो खोका आणि खोक्यातला कागद. आणि ती मागवणारे बहुतेक माझ्यासारखेच असावेत, ज्यांच्या पाठीने, मानेने किंवा खुब्याने साध्या सायकलीला नकार दिला आहे.

खोका मी शेजाऱ्यांना साक्षीला बोलावून उघडला. आमच्या पिढीला पावती घ्यायची आणि माल तपासून घ्यायची सवय ग्राहक पंचायतीने लावली. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ती चळवळ सुरू केली तेव्हा मी शाळेत होतो. पण तपासायचे कशाशी ताडून? खोक्यात भागांची यादी नव्हती. माहितीपत्रक होते, ते दुसऱ्याच सायकलीचे; चित्रातली सीट वेगळी, हँडल वेगळे. तेव्हा काय आले आहे ते दिसत होते, काय आलेले नाही ते कळत नव्हते. तीन दिवस मी भाग चटईवर मांडून बसलो आणि रिकाम्या भोकांवरून हरवलेल्या वस्तूंचा अंदाज बांधला.

मागच्या चिमट्याच्या दोन पात्यांमध्ये प्लॅस्टिकचा एक आडवा तुकडा बसवून सायकल पाठवायची असते. प्रवासात पाती आत दबू नयेत म्हणून. तो तुकडा नव्हता. दोन पात्यांमधले अंतर १३५ मिलीमीटर हवे, ते १२९ भरले. चौकट पोलादी म्हणून आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्याने आटे पाडलेली सळई आणि दोन नट घालून ती हळूहळू मूळ मापावर आणली; ॲल्युमिनियमची असती तर त्याने हात लावला नसता, आणि ते बरोबरच ठरले असते. डिस्क ब्रेकची चकती वाकली होती. गिअर ज्या कानाला लटकतो तो कान आत वळला होता. मागच्या ब्रेकची तार साध्या सायकलीच्या मापाची होती, ती हँडलपासून मागच्या चाकापर्यंत पोचतच नव्हती. चेनचे दोन पुडे होते. एका पुड्यात ११६ कड्या, एक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे जवळपास दीड मीटर. या सायकलीला असे अडीच पुडे लागतात. पुढच्या टायरची कड कापली गेली होती. आणि सीटखाली ज्या छोट्या दातेरी चाकावरून चेन वळते, त्या आयडलरचा बोल्ट आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे बुश नव्हते. बहुधा त्या भोकातून वाटेत कुठेतरी पडून गेले.

आता टायरची गोष्ट आधी सांगतो, कारण माझी सगळी मागणी तिच्यात आहे. दुकानात वीस इंची टायर मागितला तर आणखी एक प्रश्न येतो. वीस इंची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रिमा एकाहून अधिक मापांच्या असतात. एकीचा व्यास ४०६ मिलीमीटर, दुसरीचा ४५१. एकीचा टायर दुसरीवर चढत नाही. पण माझ्या कापलेल्या टायरच्या अंगावर ४०-४०६ असे छापलेले होते. रुंदी चाळीस, बैठकीचा व्यास चारशे सहा. हा आकडा मी फोनवर सांगितला आणि दुसऱ्या दिवशी टायर हातात होता. चेनचेही तसेच, पुड्यावर जात लिहिली होती, तिसरा पुडा गावातच मिळाला. ब्रेकची लांब तार पुण्याच्या एका दुकानात दोघांच्या टँडम सायकलीसाठी ठेवलेली होती, ती कुरिअरने आली. ज्या वस्तूवर माप लिहिलेले होते किंवा ज्या वस्तूचे माप सर्वांना ठाऊक होते, ती मिळाली. आयडलरचा बोल्ट तेवढा अडला. त्याचे माप कुठेच लिहिलेले नव्हते.

एका बोल्टचे एवढे काय, असे मलाही सुरुवातीला वाटले. लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातून मी भोकात बसेल असा आठ मिलीमीटरचा बोल्ट आणला, दोन वायसर घातले आणि गल्लीत चार फेऱ्या मारल्या. उतरून पाहिले तर बोल्ट वाकलेला नजरेला दिसत होता.

मग वही काढली. पायडलवर पन्नास किलोचा जोर दिला, पायडलचा दांडा १७० मिलीमीटरचा, एकोणचाळीस दात्यांच्या चेनव्हीलची त्रिज्या ७९ मिलीमीटर. तर चेनवर ताण येतो जवळपास १०८ किलोचा. ही ताणलेली चेन आयडलरवर तीस अंशांनी वळते असे धरले, तर त्या बोल्टला साधारण ५६ किलोचा भार आडवा झेलावा लागतो. बोल्ट एकाच बाजूने धरलेला, दुसरे टोक मोकळे. मिनिटाला सत्तर फेरे मारले तर हा भार एकशेचाळीस वेळा येतो आणि जातो. घाट चढताना अर्धा-पाऊण तास हेच. असा बोल्ट कधी तुटेल याची तारीख कोणी सांगू शकत नाही, पण तुटला तर चेन एकदम सैल पडते, चढावर सायकल जागच्या जागी थांबते, आणि पाय पुढे पसरलेले असल्यामुळे ते जमिनीला टेकायला क्षणभर उशीर होतो. मागे उसाची ट्रॉली असेल तर त्या क्षणाचे काय होईल, ते मला लिहायचे नाही.

विक्रेत्याला मी पहिल्याच आठवड्यात छायाचित्रांसह कळवले होते. त्याचे नाव इथे घेत नाही. हे पत्र एका विक्रेत्याविरुद्ध नाही आणि त्याच्याकडचे लोक माझ्याशी सौजन्यानेच बोलत होते. त्यांनी दोन पर्याय दिले. संपूर्ण सायकल मूळ वेष्टनात परत पाठवावी आणि पैसे परत घ्यावेत, किंवा किमतीत थोडी सूट घेऊन आहे ती ठेवावी. मूळ वेष्टन फाटलेले होते. आणि परत पाठवली तर मी पुन्हा सायकलीवाचून. मी म्हटले, मला सूट नको, मला बोल्ट आणि दोन बुश पाठवा. सुटा भाग आमच्याकडे नोंदलेला नाही, असे उत्तर आले. मग निदान त्याचे माप कळवा, मी इथे करून घेतो. ती माहिती आमच्याकडे नाही, कारखान्याला विचारतो. त्यानंतर सात आठवडे मी दर सोमवारी लिहिले, दर सोमवारी उत्तर आले, माप आले नाही.

शेवटी मी सायकल टेम्पोत घालून उद्यमनगरात नेली. आमचे उद्यमनगर आपल्याला ठाऊक असेल. ऑइल इंजिनाच्या भागांपासून साखर कारखान्यांच्या यंत्रांपर्यंत सगळे इथल्या लेथवर उतरले आहे. एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. मी खिशातून वाकलेला बोल्ट काढला, तर त्यांनी तो बघितलाही नाही. म्हणाले, "ह्यो बोल्ट कशाला धरतोय ते आदी दावा, सर. माप मागनं बघू." एक हात आयडलरच्या कानावर ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने पायडल दाबला, चेन ताणली, सोडली, पुन्हा ताणली. माझ्या वहीतले गणित मी त्यांना सांगितलेही नव्हते. "हितं साधा बोल्ट टिकायचा न्हाई," एवढेच बोलले. बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा आकडा कोरलेला असतो, तो त्यांनी मला भिंगाखाली दाखवला: ८.८, १०.९, १२.९. मी आणलेल्या बोल्टवर काहीच कोरलेले नव्हते. त्यांनी १२.९ चा एलन बोल्ट काढला. बुशसाठी ईएन-८ पोलादाचा गज लेथला लावला.

बुशची लांबी मात्र कोणालाच ठाऊक नव्हती, आणि तीच खरी अडचण होती. आयडलर एक-दोन मिलीमीटरने जरी बाजूला गेला तरी चेन तिरपी चालते आणि दात्यांवरून उडते. आम्ही चेनव्हीलच्या मध्यापासून मागच्या मधल्या दातेरी चक्रापर्यंत दोरी ताणली, ती आयडलरच्या कुठून जाते ते पाहिले, व्हर्नियर लावला. पहिला बुश थोडा लांब झाला, चेन बाजूच्या पत्र्याला घासू लागली. मिस्त्रींनी तो पुन्हा लावून दीड मिलीमीटर उतरवला. दुपारी आलो होतो, दिवेलागण झाली. त्यांनी एकशे ऐंशी रुपये घेतले. जास्त द्यायला गेलो तर हात मागे घेतला.

त्या रात्री मला समाधान वाटले. कायदा वाचायला घेतला तेव्हा ते टिकले नाही, आणि म्हणूनच आपल्याला लिहीत आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० मध्ये लागू झाला, त्याच महिन्यात ई-कॉमर्सचे नियमही आले. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असे ते नियम म्हणतात. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार देऊ नये, हेही त्यात आहे. या तरतुदींबद्दल मला आदर आहे. कलम ८४ नुसार वापराच्या पुरेशा सूचना न देणारा उत्पादक दायित्वाला पात्र ठरतो. कलम ८६ त्याहून पुढे जाते: वस्तू जोडताना, तपासताना विक्रेत्याने वाजवी काळजी घेतली नाही तर तोही जबाबदार. हे कलम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दुकानदार असणार, जो सायकल स्वतः जोडून, ब्रेक दाबून बघून गिऱ्हाइकाच्या हाती देतो. खोक्यातून येणाऱ्या सायकलीत जोडणी ग्राहकाच्या अंगावर पडली. त्या दुकानदाराकडचे पाने, सुटे भाग आणि अनुभव मात्र ग्राहकाकडे आलेले नाहीत.

आणि मग कलम ८७. अपघाताच्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल, किंवा तिच्यात बदल वा फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्यावर उत्पादन-दायित्वाचा दावा आणता येत नाही. उद्यमनगरच्या लेथवर उतरलेले माझे बुश हा बदल आहे का? मूळ बुश कसे होते हे जगात मला कोणी सांगितलेले नाही. उद्या हँडलचा सांधा किंवा ब्रेकचा भाग कारखान्याच्या चुकीने तुटला आणि मी पडलो, तर पहिले बोट त्या बोल्टकडे दाखवले जाईल अशी मला भीती आहे. विक्रेत्याने न पाठवलेली वस्तू मी करून घेतली, आणि ती करून घेतल्यामुळे माझाच हक्क दुबळा झाला. जिल्हा आयोगाकडे जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही नाही, दोष दूर करण्याचा आदेश आयोग देऊ शकतो, हे मला माहीत आहे. पण एका बोल्टसाठी आयोगाची पायरी किती जण चढतील? माणसे एकतर वाकणारा बोल्ट घालून चालवतील, नाहीतर सायकल माळ्यावर टाकतील.

आपल्या खात्याने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काचे काम हाती घेतले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहने व त्यांचे भाग अशी चार क्षेत्रे ठरली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, पोर्टलही सुरू झाले. सायकल यांपैकी कशात बसते ते स्पष्ट नाही. तिला नाव घेऊन त्यात आणावे, ही माझी पहिली विनंती. जी वस्तू ग्राहकाने घरी जोडायची आहे, तिच्या खोक्यात प्रत्येक भागाची यादी असावी. प्रत्येक बोल्टचा व्यास, लांबी, ताकदीचा आकडा आणि तो किती आवळायचा ते तीत लिहिलेले असावे. आणि तीच यादी त्या पोर्टलवर कायम राहावी, कारण विक्रेते बंद होतात, सायकली वीस-वीस वर्षे चालतात. मापे उघड केली तर नक्कल होईल, असे काही उत्पादक म्हणतील. आठ मिलीमीटरच्या बोल्टचे माप कोणाच्या मालकीचे नाही.

दुसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे. भाग कमी आला असेल तर तोच भाग मागण्याचा हक्क ग्राहकाला नियमातच मिळावा, ठरावीक दिवसांत. परतावा किंवा भाग, ही निवड ग्राहकाची असावी. त्या मुदतीत भाग आला नाही आणि ग्राहकाने प्रसिद्ध मापानुसार तो करून घेतला, तर कलम ८७ साठी त्याला बदल मानू नये. हे दोन-तीन ओळींचे काम आहे. त्यामुळे उद्यमनगरासारख्या ठिकाणच्या कारागिरांनाही कायद्याच्या उजेडात काम करता येईल. आज माझ्या मिस्त्रींनी केलेल्या बुशवर त्यांचे नाव नाही, आणि मीही ते इथे लिहीत नाही, कारण चांगले काम केल्याबद्दल त्यांना कोणी नोटीस पाठवावी असे मला नको आहे.

पत्रासोबत दोन पानांचा एक कागद जोडतो आहे. सायकल पूर्ण सुटी करून मिस्त्री आणि मी तिच्या प्रत्येक नट-बोल्टचे माप घेतले, ते त्यावर आहे. खोक्यातून जो कागद यायला हवा होता, तो साधारण असा दिसला असता. आपल्या अधिकाऱ्यांना खोका पाहायचा असेल तर तोही ठेवला आहे.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी मी पन्हाळ्याला गेलो. मान दुखली नाही. हातांना मुंग्या आल्या नाहीत. सहा मिलीमीटरची एलन की खिशात होती. वाघबिळापाशी रस्त्याच्या कडेला थांबलो, सीटखाली हात घालून बोल्ट तपासला, आणि उरलेला चढ चढलो.

आपला,
कोल्हापूरचा एक ग्राहक